ताठ मान आणि मानेतला ताठा

माझी भाची अमेरिकेत वाढली. घरी मराठी बोलतात, रविवारी मराठी शाळा असते, त्यामुळे बोलते छान. तिच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळी नोकरी एसटीत केली. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “आजोबा, मला तुमचा खूप गर्व आहे.” ते हसले, आणि लगेच मायेनं दुरुस्ती केली, “गर्व नको गं बाळा, अभिमान म्हण. गर्वाचं घर खाली असतं.”

नंतर तिनं मला विचारलं, “मावशी, दोन्हींचा अर्थ प्राइडच ना?”

शब्दकोश उघडला तर तिचं काही चुकलं नव्हतं. इंग्रजी प्राइडपुढे अभिमान, गर्व, अहंकार, घमेंड, ताठा, स्वाभिमान, दिमाख असे सगळे शब्द एका ओळीत बसलेले सापडतात. कोणता शब्द कुणी कुणाविषयी वापरायचा, हे मात्र कोश सांगत नाही. मी तिला शाळेतलीच एक युक्ती सांगितली. शब्द समजत नसेल तर त्याचा विरुद्धार्थी शब्द शोध.

गर्वाच्या विरुद्ध नम्रता. अभिमानाच्या विरुद्ध? तिथे नम्रता बसत नाही. अभिमान बाळगणारा माणूस नम्र असू शकतो, असतोही. ‘मला या गोष्टीचा अभिमान वाटतो’ हे वाक्य उलटं करून पाहिलं की खरा शब्द सापडतो: ‘मला या गोष्टीची लाज वाटते.’ स्वाभिमानाच्या विरुद्ध लाचारी. मानाच्या विरुद्ध अपमान. आणि माजाला तर विरुद्धार्थी शब्दच मिळत नाही, माज फक्त उतरतो. इंग्रजीतला एकच शब्द या सगळ्यांच्या विरुद्ध उभा राहतो. त्यामुळे तो कधी पाप असतो, कधी पुण्य. मराठीत ही कामं वाटून दिलेली आहेत.

ही वाटणी आपल्या शेजाऱ्यांकडे वेगळी झाली आहे, आणि भाचीचा घोटाळा तिथूनच आला. हिंदीत ‘मुझे तुम पर गर्व है’ हे कौतुकाचं वाक्य आहे आणि ‘अभिमानी’ म्हणजे बहुतेक वेळा घमेंडखोर माणूस. मराठीत नेमकं उलटं. दोन्ही शब्द संस्कृत, दोन्ही भाषांत रोजचे, पण चांगल्या-वाईटाच्या जागा बदललेल्या. हिंदी मालिका आणि जाहिरातींच्या वाटेनं हिंदीतला गर्व मराठीत शिरला आहे. ‘सांगायला गर्व वाटतो’ असं आता मराठी भाषणांतूनही ऐकू येतं. भाषा बदलते, तिला बदलू द्यावं, हे मला मान्य आहे. पण हा एक भेद पुसला गेला तर मला मनापासून वाईट वाटेल, कारण तो दुसऱ्या शब्दानं भरून काढता येणार नाही.

अभिमान या शब्दाचा प्रवास तर एखाद्या माणसाच्या चरित्रासारखा आहे. ‘मन्’ म्हणजे मानणे, समजणे. त्याला ‘अभि’ लागला. सांख्यकारिका या सांख्य तत्त्वज्ञानाच्या जुन्या ग्रंथात अहंकाराची व्याख्याच दोन शब्दांत केली आहे: ‘अभिमानोऽहंकारः’. इथे अभिमान म्हणजे फुशारकी नव्हे. ‘हे मी’, ‘हे माझं’ असं मानून घेण्याची मनाची क्रिया म्हणजे अभिमान. आपले कीर्तनकार ‘देहाभिमान’ म्हणतात तो याच अर्थानं, देहालाच मी समजणं. या ‘माझं मानणं’पासून प्रत्येक भाषेनं आपापली वाट धरली. कन्नड आणि तेलुगूत अभिमानाला मायेचा, ओढीचा अर्थ आला, आणि अभिमानी म्हणजे चाहता. बेळगाव-सोलापूरकडच्या मराठी माणसाला हे सांगायला नको. कन्नड अभिनेते राजकुमार आपल्या चाहत्यांना ‘अभिमानी देवरु’ म्हणत, म्हणजे चाहते हेच देव. बंगालीत अभिमानाला आणखी हळवा अर्थ आहे: ज्याच्यावर आपला हक्क आहे असं वाटतं त्यानं दुर्लक्ष केलं की मनात जे दाटतं, ते. आपला रुसवा त्याच्या जवळ जातो, पण रुसवा दिसतो आणि हा अभिमान बहुधा गप्प असतो. कुणाला तरी आपलं मानल्याशिवाय रागावताही येत नाही, हे त्या शब्दानं ओळखलं आहे.

मराठीत नुसत्या शब्दावर थांबू नये, त्याच्यासोबत येणारं क्रियापदही ऐकावं. अभिमान वाटतो किंवा असतो. आपण तो बाळगतो, जसं एखादी जपायची वस्तू बाळगावी. गर्व मात्र होतो, आणि चढतो. घमेंड, माज, मस्ती हेही चढतात आणि उतरतात. आणखी काय काय चढतं-उतरतं? ताप. दारू. विष. ही सगळी मंडळी एका क्रियापदावर बसवून मराठीनं आपलं मत सांगून टाकलं आहे. तापलेल्या माणसाला आपलं अंग तापलंय हे नेहमी कळतंच असं नाही, हात लावणाऱ्याला कळतं. म्हणूनच ‘मला गर्व झालाय’ असं वर्तमानकाळात कुणी सहसा म्हणत नाही. ‘तेव्हा मला गर्व झाला होता’ हे म्हणता येतं, उतरल्यावर.

माजाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण शहरात राहणाऱ्यांना त्याचा अर्धाच अर्थ माहीत असतो. गोठ्यात माज ही शिवी नाही. गाय-म्हैस साधारण 21 दिवसांनी माजावर येते. ती हंबरते, अस्वस्थ होते, खाणं कमी करते, दुधाला कमी पडते. गाभण राहिली नाही तर पुन्हा 21 दिवस वाट बघायची. म्हणून दूधधंदा करणारा माणूस माजाकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो. म्हशीत कित्येकदा ‘मुका माज’ असतो, शरीरात सगळं घडत असतं पण बाहेर लक्षण दिसत नाही, आणि तो हुकला की नुकसान. तिथे माज ही निसर्गाची, ठरल्या वेळी येऊन जाणारी गोष्ट आहे. हाच शब्द माणसाला लागला तेव्हा जाणारी गोष्ट मुक्कामाला राहिली: पैशाचा माज, खुर्चीचा माज, वयाचा माज. हत्तीचा ‘मद’ असाच षड्रिपूंत जाऊन बसला आणि फारसीतून आलेली ‘मस्ती’ही हत्तीपासून पोरांच्या दंग्यापर्यंत पसरली. शेतात तणही माजतं. राज्यात बेबंदशाही माजते. म्हणजे आवर नसलेली वाढ, हा माजाचा गाभा. तो उतरवायला दुसरं कुणीतरी लागतं, निदान म्हणणारा तसंच म्हणतो: ‘तुझा माज उतरवतो.’

गेल्या काही वर्षांत ‘गर्व नाही, माज आहे मराठी असल्याचा’ असं लिहिलेलं पाहायला मिळतं. जुनी माणसं ते वाचून नाराज होतात. मला त्यामागचं कारण दिसतं. गर्व हिंदीच्या संगतीनं सौम्य होत गेला, औपचारिक भाषणातला शब्द झाला. ज्याला काही जोरात म्हणायचं होतं त्याला त्याहून धारदार शब्द हवा होता, आणि तो त्यानं गोठ्यातून आणला. तरीही मी स्वतः तो वापरणार नाही. आपली भाषा म्हणजे आपल्याला चढलेला ताप, असं म्हणायची माझी तयारी नाही.

आता जरा आरशासमोर उभं राहू. अभिमानाचे बरेचसे शब्द शरीरावरून आले आहेत. ऊर भरून येतो, छाती फुगते, अंगावर मूठभर मांस चढतं, कॉलर ताठ होते. सगळ्यांत जास्त काम मात्र मानेला. ‘ती मान’ गळ्यामागची, ‘तो मान’ लोकांनी दिलेला. लिंग वेगळं, उच्चार एकच, आणि भाषेनं या योगायोगाचा पुरेपूर फायदा घेतला. मान गेला की मान खाली जाते. मान राखला की मान उंच होते. ‘ताठ मानेनं जगला’ हे माणूस गेल्यावर त्याच्याविषयी बोललेलं सर्वांत चांगलं वाक्य असू शकतं. त्याच ‘ताठ’ला एक काना वाढला की ‘ताठा’ होतो आणि तेच कौतुक तक्रार बनतं. ताठ मान आपल्याला पडू देत नाही. ताठा आलेली मान वळत नाही, आजूबाजूचं बघत नाही.

शरीराचं हे बोलणं शिकलेलं की उपजत, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला. जेसिका ट्रेसी आणि डेव्हिड मात्सुमोतो या मानसशास्त्रज्ञांनी 2004च्या अथेन्स ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकमधल्या ज्युदोपटूंची सामना संपल्यानंतरची छायाचित्रं तपासली. त्यांत डोळस खेळाडू होते, नंतर दृष्टी गेलेले होते, आणि जन्मापासून अंध असलेलेही होते. जिंकल्यावर हात वर, मान मागे, छाती पुढे, हे जन्मांध खेळाडूंनीही केलं. ज्यांनी कुणाला असं करताना कधी पाहिलंच नव्हतं त्यांनी. हा अभ्यास 2008मध्ये प्रसिद्ध झाला. मला तो वाचून फार आनंद झाला होता. ‘छाती फुगली’ हा वाक्प्रचार रचणाऱ्या अनाम माणसानं किती नीट पाहिलं होतं!

याच ट्रेसींनी रिचर्ड रॉबिन्स यांच्यासोबत 2007मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. प्राइड ही एक भावना नसून दोन आहेत, असं त्यांचं म्हणणं. एक केलेल्या कामातून येते: मी कष्ट केले, मला जमलं. दुसरी स्वतःविषयीच्या समजुतीतून येते: मी आहेच तसा. पहिलीसोबत आत्मविश्वास दिसतो, दुसरीसोबत उद्धटपणा. मराठी माणसाला हे ओळखीचं वाटेल. आपण अभिमानाविषयी नेहमी एक प्रश्न विचारतो: कशाचा? ‘मला अभिमान वाटतो’ एवढ्यावर वाक्य थांबलं की ऐकणारा थांबून राहतो. ‘त्याला गर्व झालाय’ हे मात्र पूर्ण वाक्य आहे, त्याला कारण लागत नाही.

मानाचं प्रकरण याहून निराळं. अभिमान आपला आपल्याला वाटतो, मान दुसऱ्यानं द्यावा लागतो. पुण्यात विसर्जन मिरवणुकीत कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे पाच मानाचे गणपती, त्यांचा क्रम ठरलेला. गावच्या जत्रेत पहिला नारळ कुणाचा, पालखीला खांदा कुणाचा, हेही ठरलेलं. आणि लग्नातला मानपान! साडी चारशेची की चार हजारांची हा मुद्दा फार कमी वेळा असतो. ‘मला विचारलं नाही’ ही खरी जखम असते. मान बाजारातून आणता येत नाही, म्हणून तो न मिळाल्याचं दुःख वर्षानुवर्षं टिकतं. माझ्या आजोळी दोन भावांची घरं अशा एका न दिलेल्या आहेरावरून बरीच वर्षं बोलत नव्हती. मी लहानपणी त्याला पोरकटपणा समजत असे. आता तसं म्हणवत नाही.

अस्मितेबद्दल थोडक्यात. योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी एक आहे, अविद्येच्या लगेच पुढचा, म्हणजे सोडून देण्याची गोष्ट. आज ‘मराठी अस्मिता’ जपण्याची गोष्ट आहे. ‘अस्मि’ म्हणजे ‘मी आहे’. योग्यासाठी तो अडसर होता. ज्या समाजाला आपण आहोत हेच ठासून सांगावं लागलं, त्याच्यासाठी तो आधार ठरला.

आणि यातूनच आपण स्वाभिमानाशी येतो. या शब्दाचा अर्थ मला कोशापेक्षा महाडच्या चवदार तळ्यानं जास्त समजावला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव 1923मध्ये मुंबई विधिमंडळात मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क होता. तरी कुणी पाण्याला हात लावू शकत नव्हतं. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. ते पाणी तहान भागवण्यासाठी नव्हतं, हे त्यांनी स्वतः स्पष्ट केलं होतं. आपणही माणसं आहोत हे सिद्ध करण्यासाठी होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडलाच त्यांनी स्त्रियांना सांगितलं की लुगडं नेसण्याच्या आणि दागिन्यांच्या ज्या पद्धतीवरून तुमची जात ओळखली जाते, त्या सोडा.

इथे विरुद्धार्थी शब्दाची युक्ती पुन्हा लावून बघा. इथल्या स्वाभिमानाला ‘नम्रता शिका’ असं सुनावणं म्हणजे अन्यायच, कारण ही माणसं नम्रतेच्या विरोधात उभी नव्हतीच. वाकायला लावणाऱ्या व्यवस्थेच्या विरोधात उभी होती. वाकून ‘जोहार मायबाप’ म्हणायची सक्ती पिढ्यानपिढ्या होती. त्या जागी ‘जय भीम’ आलं, आणि ते रुजवण्यात नागपूरजवळच्या कामठीचे आंबेडकरी कार्यकर्ते बाबू हरदास यांचा मोठा वाटा. जोहार खाली मान घालून करायचा असतो. जय भीम समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणतात, आणि समोरूनही तेच परत येतं. अभिवादन बदललं आणि मानेचा कोन बदलला. मला वाटतं, मराठीत ‘ताठ मान’ या शब्दांना गेल्या शंभर वर्षांत यापेक्षा खरा अर्थ कुणी दिलेला नाही.

इंग्रजी प्राइडचं काय? ज्या फ्रेंच शब्दावरून तो आला त्याचा अर्थ शूर, पराक्रमी असा होता. इंग्रजीत येऊन तो गर्विष्ठ झाला. ख्रिस्ती परंपरेत सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिला ग्रेगरी यानं गर्वाला सगळ्या दुर्गुणांचं मूळ ठरवलं. आपल्या षड्रिपूंत मद पाचवा आहे, तिथे तो सगळ्यांचा बाप. सिंहांच्या कळपालाही इंग्रजीत प्राइड म्हणतात. आणि एक अर्थ आपल्या अंगणातला आहे. आपलं राज्यपुष्प ताम्हण, उन्हाळ्यात जांभळ्या तुऱ्यांनी भरून जाणारं, त्याला इंग्रजीत ‘प्राइड ऑफ इंडिया’ असं नाव आहे. इथे अभिमान, गर्व काहीच चालणार नाही. इथे शब्द हवा भूषण. ज्याच्यामुळे आपल्याला अभिमान वाटतो, ते भूषण.

भाचीचा शेवटचा प्रश्न मात्र सर्वांत अवघड निघाला. जूनमध्ये ती मैत्रिणींसोबत ‘प्राइड’ला, म्हणजे समलिंगी आणि पारलिंगी लोकांच्या पदयात्रेला, जाते. त्याला मराठीत काय म्हणायचं?

28 जून 1969 रोजी न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल इन या बारवर पोलिसांनी धाड घातली. समलिंगी आणि पारलिंगी लोकांना अशा धाडींची सवय होती. त्या रात्री त्यांनी प्रतिकार केला. बरोबर एका वर्षानं, 28 जून 1970 रोजी, ते न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून उघडपणे चालले. आपल्याकडे 2 जुलै 1999 रोजी कोलकात्यात अवघे पंधरा जण चालले. मुंबईत 2008च्या ऑगस्टमध्ये ‘क्विअर आझादी’ या नावानं पदयात्रा निघाली. नावात प्राइड नव्हता, स्वातंत्र्य होतं. तेव्हा कलम 377 लागू होतं, म्हणजे चालणाऱ्यांपैकी अनेकांचं प्रेम कायद्याच्या लेखी गुन्हा होता. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयानं त्या कलमातून बाहेर काढलं ते 6 सप्टेंबर 2018 रोजी.

‘यात अभिमान कसला?’ असं मला अनेकांनी विचारलं आहे. काहींनी रागानं, काहींनी खरोखर न कळून. जन्मानं जे मिळालं त्यात कर्तृत्व काय? प्रश्न बरोबर आहे, जर अभिमानाच्या विरुद्ध नम्रता ठेवली तर. पण विरुद्ध बाजूला लाज ठेवा. ज्या माणसाला लहानपणापासून स्वतःची लाज बाळगायला शिकवलं, घरात, वर्गात, देवळात, त्याला ती लाज टाकायची असेल तर त्या जागी कोणता शब्द ठेवायचा? नम्रता तर त्याच्याकडून आधीच वसूल झालेली आहे. म्हणून ‘अभिमान यात्रा’ हा शब्द मला बरोबर वाटतो. ‘गर्व यात्रा’ चुकीचा. ‘गौरव’ थोडा सरकारी, कारण गौरव दुसरं कुणीतरी करतं. आणि यात्रेपेक्षा खरं तर आपल्याकडे ‘मिरवणूक’ आहे. मिरवणे हे क्रियापद फार कमी भाषांच्या नशिबी असेल. ज्याला लपवायला लावलं होतं ते भर रस्त्यात, उजेडात, वाजतगाजत घेऊन चालणं म्हणजे मिरवणं. आपण देवाला मिरवतो, नवरदेवाला मिरवतो, पहिल्या आलेल्या पोराला मिरवतो.

हे सगळं भाचीला फोनवर सांगत होते तेव्हा वडील शेजारीच बसले होते. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, “कुठे जाणार म्हणते?”

“अभिमानाच्या मिरवणुकीला.”

“कशाचा अभिमान?”

मी म्हटलं, “आपण जसे आहोत त्याची लाज वाटत नाही, याचा.”

ते काही वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. “म्हणजे मान वर करून चालायचं,” ते म्हणाले. मग आठवण झाल्यासारखं, “ऊन असेल गं. तिला म्हणावं, टोपी घालून जा.”